चाक जड लागतंय? आधी लिंकचा बोल्ट सोडा

सप्टेंबर लागला की मालवणजवळच्या देवबागात माडांखाली झाकून ठेवलेल्या होड्यांवरच्या ताडपत्र्या निघायला लागतात. मे अखेरीला बंद झालेला पर्यटकांचा धंदा पुन्हा सुरू करायचा असतो. बॅटरी लावली, पेट्रोल भरलं, प्लग घासून घातले, की दोन-चार दोऱ्या ओढल्यावर इंजिन धूर सोडत चालूही होतं. आणि मग स्टीअरिंगच्या चाकाला हात घालावा तर चाक जागचं हलत नाही.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. अठरा फुटी जुनी फायबर होडी होती, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक एन्ड्युरो इंजिन. चाक गच्च. मी पाय फळीला टेकवले आणि अंगातला सगळा जोर काढून ते ओढलं. ‘कट्’ असा आवाज आला, चाक पाव फेरा फिरलं आणि मग जत्रेतल्या खेळण्यासारखं नुसतंच गरगर फिरायला लागलं. एका मेकॅनिकने चाकामागचा गिअर बदलायला लावला. बदलला. चाक पुन्हा पहिल्यासारखंच गच्च! शेजारच्या होडीच्या सावलीत जाळं शिवत बसलेले एक आजोबा हा तमाशा दोन दिवस बघत होते. शेवटी म्हणाले, “झिला, चाकाक कित्याक मारतंस? आधी मशीन मोकळा कर, मगे बघ अडता खंय ता.”

मशीन, म्हणजे इंजिन, चाकापासून मोकळं केलं. ते एका हाताने इकडून तिकडे फिरलं. अडलं होतं दुसरीकडेच, आणि तिथे माझा खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या वर गेला नसता.

चाकापासून इंजिनापर्यंत काय काय हलतं

हा लेख केबलवर चालणाऱ्या स्टीअरिंगचा आहे. तुमच्याकडे हायड्रॉलिक असेल, म्हणजे चाकामागून तेलाच्या दोन नळ्या मागे जात असतील, तर त्याची दुखणी वेगळी. टिलर, म्हणजे हातदांड्यावर चालणारी होडी असेल, तर खालचा स्विव्हल ब्रॅकेटचा भाग तेवढा तुमच्या कामाचा.

चाकामागे एक गिअर असतो, कॅटलॉगमध्ये त्याला हेल्म म्हणतात. चाक फिरलं की तो केबलच्या आतली तार ढकलतो किंवा ओढतो. केबलच्या मागच्या टोकाला स्टेनलेस स्टीलची सळई असते, पाच सुती, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर जाडीची. इंजिन वर उचलताना ज्या आडव्या पाइपाभोवती ते फिरतं, त्याच पाइपातून ही सळई आरपार जाते. या पाइपाला टिल्ट ट्यूब म्हणतात. पलीकडे बाहेर आलेलं सळईचं टोक चपटं असतं, त्याला भोक असतं, त्या भोकात लिंक, म्हणजे जोडदांडा, बसते आणि लिंकचं दुसरं टोक इंजिनाच्या स्टीअरिंग आर्मला. इंजिन स्वतः डावी-उजवीकडे फिरतं ते उभ्या दांड्यावर, स्विव्हल ब्रॅकेटच्या आत.

म्हणजे अडण्याच्या जागा चारच: स्विव्हल, टिल्ट ट्यूब, केबल आणि गिअर. आमच्या खाऱ्या पाण्यातल्या होड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळा टिल्ट ट्यूब अडलेली पाहिली आहे, त्याखालोखाल स्विव्हल. गिअर शेवटी. पण चाक हातात असतं आणि गिअर त्याच्या लगेच मागे, म्हणून लोक उलट्या टोकाकडून पैसे खर्च करत येतात.

दहा मिनिटांची तपासणी

होडी किनाऱ्यावर घ्या आणि मागची बाजू ओंडक्यांवर इतकी उचला की इंजिन पूर्ण खाली सोडलं तरी त्याचं टोक वाळूला लागणार नाही. वाळूत रुतलेलं इंजिन फिरत नाही म्हणून स्विव्हल खोलून बसलेला माणूस मी पाहिला आहे. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा.

आता लिंक इंजिनाच्या आर्मला जिथे जोडली आहे, तो बोल्ट काढा. आधी वॉशर कुठल्या क्रमाने बसलेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. लिंक बाजूला केली की चाक आणि इंजिन एकमेकांपासून सुटले.

इंजिन हाताने फिरवा. वरच्या झाकणाला धरून नको, झाकणाच्या क्लिपा तुटतात. खाली पंख्याच्या वरची जी आडवी पाती असते तिला धरा. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. चांगलं इंजिन वजनदार लागतं, पण एकसारखं फिरतं. जोर लावावा लागला, किंवा मध्येच एका ठिकाणी खरखर लागली, तर दोष स्विव्हलमध्ये. तिथे एक घर्षणाचा स्क्रू किंवा लिव्हरही असते, इंजिन एका जागी धरून ठेवायला. ती कोणी गच्च आवळून ठेवली असेल तर आधी ती सैल करून बघा. त्या घर्षणाच्या भागाला मात्र ग्रीस लावायचं नाही.

इंजिन मोकळं निघालं, तर चाकाकडे या. लिंक सुटलेलीच असू दे. चाक अजून जड आहे? मग लिंक सळईच्या टोकावरूनही काढा, टिल्ट ट्यूबच्या ज्या तोंडातून केबल आत जाते तिथला मोठा नट पूर्ण सोडा आणि सळई पाइपातून मागे ओढून बाहेर काढायला बघा. आली नाही, तर दुखणं पाइपात. सहज बाहेर आली आणि तरीही चाक जडच, तर केबल किंवा गिअर. त्या दोघांमधलं कोण हे ठरवायला केबल गिअरपासून सोडा आणि नुसतं चाक फिरवा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. लिंक न सोडता इंजिनाला धक्का देऊन ‘चाक फिरतंय का’ बघणारे बरेच असतात. काही गिअर ‘नो फीडबॅक’ जातीचे असतात, त्यांची रचनाच अशी की इंजिनाकडून आलेला जोर चाकापर्यंत पोचू नये. तुम्ही इंजिन कितीही ढकला, ते हलणार नाही, आणि ते बिघडलेलंही नाही.

स्विव्हल अडलं असेल तर

ब्रॅकेटवर पुढच्या बाजूला किंवा कडेला ग्रीसची निपलं असतात, बहुतेक इंजिनांना एकापेक्षा जास्त. ती रंगाच्या थराखाली लपलेली असतात. पूर्वीच्या मालकाने रंग देताना त्यांच्यावरूनही ब्रश फिरवलेला असतो. घासून मोकळी करा आणि ग्रीस गन लावा. आत नवं जायला लागलं की वरून किंवा खालून जुनं, काळपट, कधी मेणासारखं घट्ट ग्रीस बाहेर येतं. स्वच्छ नवं दिसेपर्यंत पंप करा आणि दर दोन-तीन पंपांनी इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा.

ग्रीस आत जातच नसेल तर जोर लावून गन फोडू नका. निपल काढा, तेच तुंबलेलं असतं बऱ्याचदा. ते नवं घाला. भोकात तारेने उकरून वाळलेलं ग्रीस काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ब्रॅकेटवर जाड फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओता, मग पुन्हा गन. दोन-तीन दिवस हे करत राहिलं की बहुतेक सुटतात. गॅसचा टॉर्च नको. आतल्या बुश बऱ्याच इंजिनांत प्लॅस्टिकच्या असतात, आणि हातभर अंतरावर पेट्रोलची नळी असते.

भोकातून पांढरी पावडर निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियम गंजलेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो दांड्याला चारी बाजूंनी आवळतो. अशा वेळी नुसत्या ग्रीसने आठवड्याची सुटका होते. नीट काम म्हणजे इंजिनाचा खालचा भाग उतरवून दांडा बाहेर काढणं, आणि ते सराव असलेल्या माणसाकडेच द्या.

टिल्ट ट्यूब: इथे वेळ द्या

होडी पावसाळ्यासाठी उभी करताना चाक ज्या बाजूला असेल त्यावर सळई पाइपाबाहेर किती उघडी राहणार ते ठरतं. उघड्या भागावर खाऱ्या पाण्याचे थेंब वाळतात, मीठ आणि वाळू चिकटते. जूनची दमट हवा मिठाला लागली की ते पुन्हा ओलं होतं. पाइपातलं जुनं ग्रीस तोवर साबणाच्या वडीसारखं झालेलं असतं, पाइप आतून तांबडा पडलेला. सप्टेंबरमध्ये चाक फिरवताना ही मिठाची-वाळूची सळई त्या पाइपात ओढली जाते आणि पाचर मारल्यासारखी बसते.

सळई थोडी तरी हलत असेल, तर नशीब. दोन्ही तोंडांना गंज सोडवणारा स्प्रे मारा, तासाभराने पुन्हा, रात्री पुन्हा. दुसऱ्या दिवशी पाइपावर फडकं गुंडाळून उकळतं पाणी ओता किंवा हॉट एअर गन फिरवा. पाइप तापला की किंचित पसरतो, त्या वेळी चाकाला हळूच इकडे-तिकडे हलवा, अर्धा इंच, पाऊण इंच. जोराने टोकापर्यंत नेऊ नका. केबलच्या तारेला ढकलताना वाकायची सवय असते. माझा तो ‘कट्’ आवाज असाच जोर लावल्यामुळे आला होता.

हलतच नसेल तर सळई ठोकून काढावी लागेल, आणि ठोकलेली केबल पुन्हा वापरायची नाही. म्हणून हातोडी उचलण्याआधी नवी केबल मागवा. जुन्या केबलच्या प्लॅस्टिकच्या कवचावर नंबर छापलेला असतो. कित्येक केबलांत त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे म्हणजे फुटातली लांबी. ‘१४’ असेल तर चौदा फूट. पूर्वी खोक्यावर टेलिफ्लेक्स असायचं, तोच माल आता डोमेटिकच्या नावाने मिळतो, त्यामुळे दुकानात नाव बघून गोंधळू नका, गिअरची जात आणि लांबी जुळवा. केबल मोजण्यात चूक झाली तर थोडी लांब चालते, आखूड अजिबात चालत नाही.

नवी केबल हातात आली की जुनी मोठ्या नटाजवळ कापा. आता सळई गोल फिरवता येते, आणि ओढण्यापेक्षा फिरवण्याने गंजाची पकड लवकर सुटते. पाइप पान्याने तिचं उघडं टोक धरा आणि थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं करत राहा. मग लिंकच्या बाजूने चार सुती गोल गज टोकावर ठेवून केबलच्या तोंडाकडे ठोका. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी लाकडाचा आधार धरलेला असावा, नाहीतर घाव ब्रॅकेटच्या अ‍ॅल्युमिनियमला बसतात. हळू, सारखे घाव. मध्ये स्प्रे, मध्ये गरम पाणी, मध्ये चहा.

सळई निघाली की पाइपात टॉर्च मारून बघा. गोल लाकडी काठीला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, आत-बाहेर आणि गोल फिरवत घासा, मग ४०० नंबरचा. रॉकेलने धुवा, फडक्याचा बोळा आरपार ओढा. तो पांढरा बाहेर येईपर्यंत. नवी सळई नुसती आत सोडून बघा. बोटाने ढकलल्यावर ती सरसरत पलीकडे गेली पाहिजे. कुठे घासली तर तिथेच पुन्हा पॉलिश पेपर. इथे आळस केला तर नवी केबलही पुढच्या सप्टेंबरला अडकते.

जुनी सळई न ठोकता निघाली असेल तर तिच्यावरून नख फिरवा. नख अडेल असे खड्डे असतील तर ती बाद. नुसते डाग असतील तर बारीक पेपरने जातात.

ग्रीस कधी भरायचं

सळईवर मरीन ग्रीसचा सगळीकडून पातळ हात द्या. गाडीच्या चाकांच्या बेअरिंगचं ग्रीस खाऱ्या पाण्यात टिकत नाही, आणि दोन वेगळ्या जातीची ग्रीस एकत्र झाली तर कधी पाण्यासारखी होतात, कधी चिकटाहून घट्ट. डबा बदलणार असाल तर जुनं पूर्ण पुसा.

काही इंजिनांना टिल्ट ट्यूबवरच निपल असतं. तिथे गन लावण्याआधी चाक फिरवून सळई पूर्णपणे पाइपात घ्या. सळई बाहेर असताना ग्रीस भरलं तर रिकामा पाइप ग्रीसने ठासून भरतो. मग सळई परत येताना त्या ग्रीसला जायला वाट नसते आणि स्टीअरिंग एका बाजूला अडकून बसतं. मर्क्युरी कंपनीच्या इंजिनांच्या पुस्तिकांत यावर ठळक इशारा असतो, आणि तो समुद्रात अनुभवण्यासारखा नाही.

केबल आणि गिअर

केबलचं कवच फुगलेलं, चिरलेलं असेल किंवा टोकाशी तांबडं पाणी झिरपलेलं दिसत असेल, तर आतली तार गंजली. केबलमध्ये तेल सोडायचे अनेक गावठी उपाय आहेत, कापलेल्या बाटलीचं नरसाळं वगैरे. मीही केलेत. दोन फेऱ्यांपुरतं हलकं वाटतं आणि गंज होता तिथेच राहतो. ही केबल बंद असते, तिची दुरुस्ती नसते.

पण बदलण्याआधी तिचा मार्ग बघा. कोणी ती पेट्रोलच्या टाकीमागे दाबली असेल, किंवा गिअर-थ्रॉटलच्या केबलांबरोबर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळली असेल. पट्ट्या कापा आणि पुन्हा फिरवून बघा. वळण जितकं मोठं तितकं चाक हलकं. आठ इंच त्रिज्येपेक्षा लहान वळण कुठेही नको.

गिअरबद्दल थोडक्यात: दात्यांची सरळ पट्टी असलेला असेल तर उघडून धुऊन ग्रीस करता येतो. गोल बंद डबीवाला असेल तर अख्खा बदला, आणि जुना असेल तर केबलबरोबरच बदला.

किनाऱ्यावर हलकं, पाण्यात जड

चाक वाळूवर लोण्यासारखं फिरतं आणि वेग घेतला की एका बाजूला ओढतं, तर वर लिहिलेलं काही खोलू नका. पंख्याच्या वर, आडव्या पातीखाली एक लहान माशाच्या परासारखा तुकडा असतो, ट्रिम टॅब. होडी डावीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक डावीकडे वळवा, उजवीकडे ओढत असेल तर उजवीकडे. बोल्ट सैल करून थोडंसंच सरकवा, आवळा, चक्कर मारून बघा. गंजून अर्धा झालेला टॅब नवा घाला. इंजिन फार आत किंवा फार बाहेर झुकवलेलं असलं तरी चाक जड होतं, तेव्हा टिल्टची पिन एक भोक पुढे-मागे करून बघायला पैसे पडत नाहीत.

परत जोडताना

लिंकचे नायलॉक नट नवे घ्या. एकदा काढलेल्या नटातलं नायलॉन ढिलं झालेलं असतं. साधा नट आणि स्प्रिंग वॉशर इथे चालत नाही, कारण हा एक नट गेला तर चाकाचा इंजिनाशी संबंध संपतो. सळई आणि लिंकच्या सांध्यावरचा नट मात्र गच्च करायचा नाही, सांधा फिरला पाहिजे. मर्क्युरीची रीत म्हणजे नट टेकेपर्यंत आवळा आणि पाव फेरा मागे घ्या.

सगळं बसल्यावर चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, मग इंजिन वर उचलून पुन्हा फिरवा. केबल, पेट्रोलची नळी, बॅटरीच्या तारा कुठे ताणल्या जात नाहीत ना ते दुसऱ्या माणसाला मागे उभं करून बघा. पहिली फेरी नदीत, कर्लीच्या शांत पाण्यात मारा. संगमाच्या बाहेर, जिथे वाळूच्या बांधावर लाट फुटते, तिथे पहिल्याच दिवशी प्रवासी घेऊन जाऊ नका.

आणि समुद्रात चाक अडकलंच, तर थ्रॉटल कमी करा, न्यूट्रल करा, नांगर टाका. हेलकावणाऱ्या होडीच्या मागे वाकून लिंक सोडायची घाई नको. जवळच्या होडीला हाक मारा. कोणी नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये आधीच साठवलेला असू दे.

हंगामात संध्याकाळी होडी वर घेतली की सळईवर गोड्या पाण्याचा एक तांब्या, फडक्याने पुसणं आणि ग्रीसचं एक बोट, एवढं पुरतं. मे महिन्यात ताडपत्री घालायच्या दिवशी चाक फिरवून सळई पूर्ण पाइपात घ्या आणि चाकाला सुतळी बांधून ठेवा. पावसात कोणी पोरगं होडीत चढून ‘गाडी गाडी’ खेळलं, तरी सळई आतच राहते.